वसाहतकाळावर संशोधन करायचे आहे? गावच्या दप्तरापासून सुरुवात करा

प्रश्न असा आला आहे: "मी शिरूर तालुक्यातला. इतिहासात एम.ए. झालो आहे. इंग्रजी राज्य आणि त्याचे आजवर टिकलेले परिणाम या विषयावर पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. विद्यापीठाच्या इतिहास विभागात या विषयाचा अभ्यास नेमका कसा करतात? लंडनला गेल्याशिवाय काम होते का? आणि घरचे विचारतात, इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे झाली, आता त्यात शोधायचे काय उरले?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचे उत्तर हाती आले की पहिले दोन पुष्कळ सोपे होतात.

घरच्यांसमोर तुमच्या शेताचा सातबारा ठेवा. गट नंबर, क्षेत्र, पोटखराब, आकार, खातेदारांची नावे, इतर हक्क. यातला आकार म्हणजे शेतसारा. काही रुपयांचा तो आकडा आज कुणी धड वाचतही नाही, पण दख्खनच्या कोरडवाहू तालुक्यांत त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीत आणि आकारणीत आहे. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा. हे माप मोजणीदारांच्या ३३ फुटी साखळीचे. हक्कनोंदीची पद्धत १९०३च्या मुंबई कायद्याने आली. जमीन महसुलाची १८७९ची संहिता १९६७पर्यंत चालली आणि तिच्या जागी आलेल्या १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तिचा बराचसा सांगाडा कायम ठेवला. भावाभावांतला बांधाचा तंटा आज तहसील कचेरीत जातो, तेव्हा कोणता कागद पुरावा आणि कोणता नाही, याचा निवाडा त्याच चौकटीत होतो. ते राज्य तुमच्या गावात कसे चालले आणि त्यातले काय अजून चालू आहे, हे शोधायचे उरले आहे. माझ्या मते या विषयाचा गाभा एवढाच आहे.

आता एक प्रकरण विस्ताराने सांगतो, म्हणजे विभागात काय करतात ते कळेल.

१८१८ साली पेशवाई संपली आणि दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. जुनी घडी एकदम विस्कटायची नाही, असे त्याचे सावध धोरण होते. गावात मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क, उपरी मुदतीच्या कौलाने, म्हणजे कराराने, कसणारा. सारा बहुधा गावाच्या अंगावर ठरे, पाटील-कुलकर्णी तो आतल्या आत वाटून देत आणि देशमुख-देशपांडे गाव आणि सरकार यांच्या मध्ये उभे असत. कंपनी सरकारला ही मधली माणसे हळूहळू नकोशी झाली. त्याला प्रत्येक शेताचा सारा प्रत्येक खातेदाराकडून थेट हवा होता.

हे काम पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले. हेलीबरीच्या ज्या कॉलेजात कंपनीचे अधिकारी तयार होत, तिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे. प्रिंगल त्याच कॉलेजातून आलेला. जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून बियाणे, बैल, मजुरी असा सगळा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा सरकारने घ्यायचा, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो अतिशय नेटका दिसतो. पण प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न ठरवायला लागणारी माहिती आणायची कुणी? ती आणली खालच्या कारकुनांनी आणि मोजणीदारांनी. मोजण्या चुकल्या, पैसे खाल्ले गेले, हलक्या जमिनींवर न झेपणारा सारा बसला. त्यात धान्याचे भाव पडलेले. शेते पडीक राहिली, कुळे परागंदा झाली आणि सरकारला वर्षामागून वर्ष सूट द्यावी लागली.

१८३५-३६मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी नवी पद्धत बसवली. निव्वळ उत्पन्नाचे गणित त्यांनी सोडून दिले. तालुक्याची आजवरची वसुली, पिके, भाव, बाजाराची जवळीक पाहून एकूण सारा ठरवायचा आणि मातीची खोली व रंग पाहून, दोष वजा करून, आण्यांत लावलेल्या प्रतीनुसार तो शेताशेतांवर पसरायचा. साऱ्याचे हे दर ३० वर्षांसाठी कायम. १८४७च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्याची रीत झाली.

पाठ्यपुस्तकात या सगळ्याला रयतवारीच्या धड्यात एखादे वाक्य मिळते. मी वर्गात त्यावर बराच वेळ घालवतो, कारण विलायतेत शिकलेला सिद्धांत इंदापूरच्या मुरमाड रानात आल्यावर त्याचे काय झाले, हे इथे कागदोपत्री दिसते. प्रिंगल दुष्ट नव्हता. त्याचा स्वतःच्या सिद्धांतावर मनापासून विश्वास होता आणि तो सिद्धांत तपासण्याची ताकद ज्या शेतकऱ्यांकडे होती, त्यांना कुणी विचारत नव्हते. वसाहती सत्तेचे हे लक्षण मला तिच्या उघड जुलमाइतकेच महत्त्वाचे वाटते.

मोजणी झाल्यावर खरा प्रश्न येतो: कागदावर नाव कुणाचे लागले? सर्व्हे नंबरापुढे खातेदार म्हणून ज्याचे नाव बसले, त्याच्याकडून सारा घ्यायचा. त्याला जमीन विकता येईल, गहाण टाकता येईल. मिरासदार आणि उपरी हा भेद सरकारी वहीत पुसला गेला. एका परीने उपऱ्याला त्यातून हक्क मिळाला, हे मान्य केले पाहिजे. पण प्रत्यक्ष कसणारे कूळ, बायका, सामायिक कुटुंबातले धाकटे भाऊ यांचे काय? जुन्या सातबाऱ्यांवर "ए.कु.मॅ." अशी अक्षरे असतात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अल्पवयीन मुलाच्या नावापुढे "अ.पा.क." असते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तिथे बहुतेक वेळा आईचे नाव सापडते. हे फेरफार गावाच्या नोंदवहीत सलग वाचत गेलात, तर १९०३ नंतरच्या कुटुंबांचा, विधवांचा, गहाण-खतांचा असा इतिहास हाती येतो जो कोणत्याही ग्रंथात नाही. तो लिहायला माणसे हवी आहेत, आणि ती तालुक्यातून आलेली हवीत. तुमच्यासारख्यांकडून मला आशा आहे ती यासाठी.

वतनांचे तसेच. महार वतन इंग्रजांनी निर्माण केले नाही. ते आधीपासून होते. पण १८७४च्या वतन कायद्याने या वंशपरंपरागत चाकरीला कायद्याच्या चौकटीत बसवले. तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाने सरकारची आणि गावाची कामे वेळीअवेळी करायची, ही अवस्था आधुनिक म्हणवणाऱ्या राज्यात चालू राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन गेले ते १९५८च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी. त्या जमिनी ठरावीक रक्कम भरून घेऊन वतनदारांना परत देण्यात आल्या, मात्र परवानगीशिवाय विकायच्या नाहीत या अटीवर. आज शहरांलगतच्या महार वतनाच्या जमिनींचे व्यवहार वादात सापडतात, तेव्हा बातमीत घोटाळ्याची रक्कम येते; मागची दीडशे वर्षे येत नाहीत. ती आणणे हे आपले काम.

सरकारी अहवाल कसा वाचायचा, हे १८७५च्या दंग्यावरून सांगतो. तुमच्या तालुक्याचाही त्याच्याशी जवळचा संबंध आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. मागणी एकच होती: कर्जाचे रोखे आणि वह्या द्या. मिळाल्या त्या जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसएक गावांत हे लोण पसरले. सरकारने समिती नेमली आणि समितीने दोषाचे मुख्य माप सावकाराच्या पदरात टाकले. साऱ्याचा बोजा हे कारण नव्हे, असे म्हटले.

आता त्याच समितीने जमवलेला पुरावा पाहा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६०च्या दशकात कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. तेजीत सहज मिळणारे कर्ज मंदीत आटले. इंदापूरची ३० वर्षांची मुदत संपून १८६७ साली फेरआकारणी झाली आणि सारा निम्म्याहून अधिक वाढला. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. कर्ज वर्षानुवर्षे साचू नये हा हेतू. घडले असे की सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल-व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला. तो रोखा घेऊन दिवाणी न्यायालयात गेले की निकाल बहुधा त्याच्या बाजूने. म्हणजे सावकाराच्या हातातले हत्यार सरकारी कायद्याने परजलेले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दंग्यांच्या आधीच फेरआकारणीची चौकशी करून अहवाल तयार केला होता आणि समितीतल्याच ऑकलंड कोल्विनने सुधारित आकारणीवर वेगळे टिपण लिहिले. १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला तो या सगळ्यानंतर, आणि मध्ये १८७६ ते ७८चा दुष्काळ होऊन गेला होता.

विद्यार्थ्यांना मी सांगतो, अहवालाचा निष्कर्ष शेवटी वाचा. आधी परिशिष्टे वाचा: जबान्या, अर्ज, रोख्यांचे नमुने. निष्कर्ष सरकारच्या सोयीचा असेल, पण जबानी देणारा शेतकरी स्वतःचे सांगत असतो, कारकुनाने ती कितीही आपल्या भाषेत उतरवली तरी. हा कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला आणि त्यातून वसुली कुणाची व्हायची होती, हे तीन प्रश्न प्रत्येक पानाला विचारायचे. गॅझेटिअरलाही विचारायचे. कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर माहितीची खाण आहे, पुणे जिल्ह्याचे खंड १८८५चे. पण त्यातली जातींची वर्णने जशीच्या तशी उचलून आपल्याकडे कितीतरी स्थानिक इतिहास लिहिले गेले. एखाद्या समाजाचा स्वभाव म्हणून अधिकाऱ्याने लिहिलेले वाक्य त्याच समाजाच्या स्मरणिकेत अभिमानाने छापलेले मी पाहिले आहे. मला त्याचे वाईट वाटते.

आता लंडन. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे आणि ते अफाट आहे. नुसती फडताळे मोजली तर सुमारे १४ किलोमीटर भरतात. धोरण कसे ठरले हा तुमचा विषय असेल तर कधीतरी जावे लागेल. पण सुरुवातीला गरज नाही. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात महसूल आणि न्याय खात्यांचे खंड आहेत; लंडनला गेला तो पुष्कळसा पत्रव्यवहार इथल्याच कागदांची नक्कल. आणि गाव हा विषय असेल तर पुण्याच्या पेशवे दप्तराला तोड नाही. १८५२च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, त्याने इनामदारांच्या सनदा तपासल्या, अनेकांची इनामे गेली आणि त्या खटाटोपात प्रचंड कागद सरकारजमा झाले. हे दप्तर आपल्या अभ्यासकांना दीर्घकाळ मोकळेपणाने पाहता येत नव्हते, गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३०च्या दशकात त्यातून ४५ खंड निघाले. ते बहुतांशी राजकारणाचे आहेत. गावचे जमाखर्च, वतनांचे तंटे, कौलनामे अजून रुमालांत बांधलेले आहेत.

ते वाचायला मोडी हवी. याला पर्याय नाही, म्हणून नोंदणीच्या आधीच शिका. पुराभिलेख संचालनालयाचे आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग असतात. अक्षर महिन्या-दोन महिन्यांत ओळखू येते. घसटती मोडी वाचायला पुढे बराच सराव लागतो. सोबत कालगणना शिका. कागदावर "सन तिसा अशर मयातैन व अलफ" असे आले तर ते शुहूर सन, म्हणजे अरबी अंकनावांनी लिहिलेली जुनी कालगणना, १२१९. त्यात ५९९ मिळवा, म्हणजे जून १८१८च्या मृगापासून सुरू झालेले वर्ष. फसली या महसुली सनात ५९० मिळवायचे. हे हाताशी नसेल तर एका वर्षाची वसुली दुसऱ्या वर्षाच्या दुष्काळाला चिकटते आणि सगळा युक्तिवाद ढासळतो.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातही जा. प्रतिबुक, कडईपत्रक, आकारबंद, शेतवार पत्रक, सूड पत्रक ही जुन्या मोजणी-आकारणीच्या कागदांची नावे लिहून न्या. नुसते "जुने रेकॉर्ड पाहायचे आहे" म्हणालात तर परत पाठवतील. विभागप्रमुखांचे पत्र जवळ ठेवा. वृत्तपत्रे पाहायची तर, सरकार देशी पत्रांचे इंग्रजी सारांश काढत असे, ते मिळतात आणि सोयीचे असतात. पण अनुवादकाने काय निवडले आणि काय गाळले हे कळायला ज्ञानप्रकाश किंवा दीनबंधूचा मूळ अंक जिथे मिळेल तिथे तोच वाचा. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेले निवेदनही या कागदांच्या शेजारी ठेवा. रयतेच्या पैशातून भरलेली तिजोरी वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होते, हा त्यांचा हिशेब महसुलाचे आकडे पाहिल्यावर अधिक उमगतो.

विषय महसूलच घ्या असा माझा आग्रह नाही. १८९४चा भूसंपादन कायदा मुळशीत वापरला गेला. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१मध्ये पांडुरंग महादेव बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, पण धरण झाले. तो कायदा १ जानेवारी २०१४पर्यंत या देशात लागू होता. स्वातंत्र्यानंतरच्या धरणग्रस्तांनी तोच सोसला. १८७८च्या वन कायद्यापासून २५ सप्टेंबर १९३०च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहापर्यंत जंगलाच्या हक्कांची एक सलग कथा आहे. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला, पण या जमातींना जिथे डांबून ठेवले त्या सोलापूरच्या सेटलमेंटचे नाव अजून वस्तीला चिकटून आहे आणि पोलीस चौकीतली नजरही. या विषयावर काम करणार असाल तर कागदाइतक्याच मुलाखती लागतील; त्यात सांगणाऱ्याचे नाव छापायचे की नाही हे त्याला विचारून ठरवा. गोवा घेणार असाल तर पोर्तुगीज शिकायची तयारी ठेवा. तिथले राज्य १५१०पासून १९६१पर्यंतचे, गावकारीची, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीची, व्यवस्था वेगळी आणि १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा कुटुंबाच्या मालमत्तेत अजून जिवंत. मुंबई इलाख्याचे निष्कर्ष तिथे लावता येत नाहीत.

चर्चासत्रात तुम्हाला दोन ठरीव कथा ऐकू येतील. एक, आधी सगळे सुखाचे होते आणि इंग्रजांनी बिघडवले. दुसरी, रेल्वे, कायदा, शाळा त्यांनीच दिल्या. पहिलीने महार वतनाचे, उपऱ्याचे काय ते सांगावे. दुसरीने प्रिंगलच्या ५५ टक्क्यांचे आणि सुप्याच्या रोख्यांचे. तुमच्याजवळ एका तालुक्याचे तीस-चाळीस वर्षांचे कागद नीट वाचलेले असतील, तर या दोन्ही कथांशी हुज्जत घालायची वेळ येत नाही; प्रश्न आपोआप बारीक होतो. कुणाला मिळाले, कुणाचे गेले, कोणत्या नोंदीने, कोणत्या वर्षी.

आराखडा लिहिताना "महाराष्ट्रातील ब्रिटिश राजवटीचा परिणाम" असले शीर्षक देऊ नका. शिरूर घ्या, फेरआकारणी ते १८७९चा कायदा एवढाच काळ घ्या, किंवा १९०३ नंतरची फेरफार नोंदवही घेऊन चार गावे तपासा. मार्गदर्शक निवडताना त्यांची पुस्तके किती यापेक्षा त्यांचे विद्यार्थी दप्तरात बसतात का, ते पाहा. आराखड्यात कागद कुठे आहेत, कोणत्या लिपीत आहेत आणि त्यांतले कोणते तुम्ही प्रत्यक्ष पाहून आला आहात, हे पहिल्या पानावर लिहा. निवड समितीत मी असतो तेव्हा सर्वांत आधी तेच वाचतो.